एल रेलोह : घड्याळाच्या मनोऱ्याखालचं सिगारचं घराणं

केतकीबन

कामानिमित्त दोन वर्षं फ्लोरिडात टँपाला होते. तिथल्या इबोर सिटी या जुन्या वस्तीत तांबड्या विटांची तीन मजली लांबलचक इमारत आहे आणि तिच्यातून वर आलेला घड्याळाचा मनोरा. जुने लोक तिला 'एल रेलोह' म्हणतात, स्पॅनिशमध्ये नुसतं 'घड्याळ'. १९१० साली बांधलेला हा सिगारचा कारखाना. एकेकाळी या शहरात असे दीडशे-दोनशे कारखाने होते. त्या जुन्या मोठ्या कारखान्यांपैकी सिगार बनवणारा आज हा एकच उरला आहे आणि तो न्यूमन घराण्याच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हातात आहे. मी तिथे तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा पाहुण्यांना दाखवायला म्हणून, नंतर दोनदा एकटी. तेव्हापासून हे सगळं लिहून काढायचं मनात होतं.

मूळपुरुष ज्युलियस सीझर न्यूमन. जन्म १८७५, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतला. लहानपणीच आईबरोबर अमेरिकेत क्लीव्हलंडला आला. हातात काहीतरी कसब असावं म्हणून आईने महिना ३ डॉलर भरून त्याला सिगार वळायला शिकायला ठेवलं. म्हणजे शिकाऊ मुलाला पैसे मिळायचे सोडून घरानेच द्यायचे! परदेशात नवीन आलेल्या त्या घराला ते ३ डॉलर किती जड गेले असतील. पोरगा शिकला, कामाला लागला, आणि १८९३ ची मंदी आली. काम गेलं. १८९५ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने घरामागच्या कोठारात स्वतःचं काम मांडलं. ५० डॉलर उसने घेऊन तंबाखू आणला, जुन्या फळ्या ठोकून टेबलं केली. पहिली मागणी ५०० सिगारची, घरी जिथून किराणा यायचा त्याच दुकानदाराकडून.

घराण्याची सुरुवात एवढीच. आणि त्यांनी ती कधी मोठी करून सांगितलेली नाही, हे मला फार आवडलं.

पुढची तीस वर्षं क्लीव्हलंडमध्ये वाढ झाली, पण वारं उलटं वाहत होतं. पहिल्या महायुद्धानंतर सिगरेटने सिगारचं गिऱ्हाईक खाल्लं, पाठोपाठ वळायची यंत्रं आली आणि हातावर पोट असलेले हजारो छोटे कारखानदार बसले. न्यूमननी १९२७ मध्ये मेंडेलसन नावाच्या दुसऱ्या कारखानदाराशी भागीदारी केली, यंत्रं घेतली आणि तगले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्खं बिऱ्हाड टँपाला हलवलं, कारण चांगला तंबाखू क्युबाचा आणि क्युबाच्या समोर टँपा. तेव्हा हा मनोऱ्याचा कारखाना रेगेन्सबर्ग नावाच्या दुसऱ्या घराण्याचा होता. तो न्यूमननी घेतला.

खरा घाव त्यानंतरचा आहे. आधी जरा दम घेते, जेवून येते.

वाळूचंघड्याळ

घाव म्हणजे १९६२ ना? त्याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपल्या पत्रसचिवाला, पिएर सॅलिंजरला, बोलावून सांगितलं की उद्या सकाळपर्यंत मला हजारेक क्युबन सिगार हवेत. लहान आकाराचे, 'पेटिट उपमन'. सॅलिंजर रात्रभर वॉशिंग्टनमधली दुकानं धुंडाळून १,२०० घेऊन आला. ते हातात पडल्यावर राष्ट्राध्यक्षांनी खणातून कागद काढला आणि क्युबाशी व्यापारबंदीच्या हुकमावर सही केली. सॅलिंजरने स्वतः ही हकीकत सांगितली आहे.

केतकीबन, ज्या शहराचा सगळा धंदाच क्युबाच्या पानावर, त्या शहराचं त्या दिवशी काय झालं असेल हे मला वाचायचंय.

केतकीबन

हो, तोच घाव. आणि आधीची चार वर्षं बघा म्हणजे तो किती वाईट वेळी बसला ते कळेल. १९५८ मध्ये ज्युलियस गेले. मुलगा स्टॅनफर्डने घराण्यातल्या इतरांचे हिस्से घेऊन कारभार आपल्याकडे घेतला आणि त्याच वर्षी 'क्वेस्ता-रे' ही टँपाची जुनी नावाजलेली छाप (ब्रँड) विकत घेतली. ती १८८४ पासूनची, शुद्ध हवाना पानासाठी ओळखली जाणारी. म्हणजे माणसाने होतं नव्हतं ते पणाला लावून क्युबन पानाची छाप घेतली आणि चार वर्षांत क्युबन पानच बंद.

बंदी येणार याची कुणकुण असल्यामुळे टँपाच्या कारखानदारांनी तळघरं भरून ठेवली होती. ते काही वर्षं पुरलं. पण साठा हा साठाच. बरेच कारखाने विकले गेले, बंद पडले. त्याच काळात शहर-नूतनीकरण आणि महामार्ग यांच्या नावाखाली इबोर सिटीतल्या कामगारांच्या घरांच्या रांगा पाडल्या गेल्या. स्टॅनफर्डने सिगारच्या वरच्या आवरणासाठी आफ्रिकेतल्या कॅमेरूनचं पान आणलं. गडद, किंचित तेलकट, अंगावर बारीक दाणे असलेलं. क्युबाच्या पानाची नक्कल करण्यापेक्षा त्याने गिऱ्हाइकाला वेगळी चव दिली आणि ती रुजली. या घराण्यातला मला सर्वांत धाडसी वाटणारा निर्णय हाच. कोठारात काम सुरू करताना ज्युलियसकडे गमवायला काही नव्हतं. स्टॅनफर्डकडे होतं.

देवराई

छान चाललंय. मला एक मूलभूत शंका आहे, सिगार बनवतात कसा? सिगरेट म्हणजे कागदात चुरा, हे माहीत आहे. यात कागद नसतोच का?

केतकीबन

कागद अजिबात नसतो, सगळं पानच. तीन थर. आतलं भरण, त्याला धरून ठेवणारं बांधणीचं पान, आणि वरचं आवरण. आवरणाचं पान सर्वांत महाग, कारण ते डोळ्यांना दिसतं, ओठांना लागतं आणि चवीतही त्याचा मोठा वाटा असतो. त्यावर एक भोक, एक डाग चालत नाही.

पान शेतातून थेट येत नाही. आधी वाळवतात, मग मोठ्या थप्प्या लावून ओलाव्यावर उबवतात. थप्पीच्या पोटात आपोआप उष्णता चढते, अमोनियाचा उग्र वास सुटतो, ठरावीक उष्णतेला पोचली की थप्पी मोडून आतलं बाहेर, बाहेरचं आत करून पुन्हा लावतात. असं कित्येकदा. त्यानंतर गाठोड्यांत वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. एल रेलोहच्या तळघरात अशी गाठोडी रचलेली पाहिली. खाली उतरताना आधी वास येतो. मनुका, ओलं चामडं आणि गोठा यांचं मिश्रण म्हणा. मला धुराने डोकं दुखतं, पण त्या वासाजवळ उभं राहावंसं वाटलं.

वरच्या मजल्यावर हाताने वळणारी एक बाई होत्या. त्यांच्यापुढे लाकडी फळी आणि एक मुठीत मावणारी, अर्धगोल धारेची बिनमुठीची पाती. तिला 'चावेता' म्हणतात. पानाची मधली शीर त्यांनी एका ओढीत काढली. भरणाची पानं हातात पंख्यासारखी दुमडत घेतली. गुंडाळायची नाहीत, नाहीतर हवा खेळत नाही आणि ओढता येत नाही. ती बांधणीच्या पानात वळली आणि लाकडी साच्यात दाबायला ठेवली. मग आधी दाबून तयार असलेला एक गाभा घेतला, आवरणाचं पान फळीवर पसरलं, पातीने कडा कापली आणि तिरकं ताणत ताणत, एकही सुरकुती न पडू देता गुंडाळत नेलं. डोक्याशी आल्यावर वनस्पतीच्या डिंकाचा एक थेंब आणि छोटी गोल टोपी. बोटं सतत दाबून बघत होती की आत कुठे पोकळ किंवा गच्च तर नाही. मी विचारलं, किती दिवसांत येतं हे? त्या म्हणाल्या, हात दोन महिन्यांत शिकतात, बोटांना कळायला वर्षं जातात.

आणि इमारतीबद्दल एक गोष्ट. टँपाचे जुने कारखाने अरुंद आणि पूर्व-पश्चिम लांब बांधत, म्हणजे उत्तरेचा स्थिर उजेड सगळ्या टेबलांवर पोचायचा. पानांच्या रंगछटा निवडायला तोच उजेड लागतो. खिडक्या इतक्या का, याचं उत्तर हे आहे.

पळसपान

तुमचं वर्णन वाचताना मला मावशी दिसली. तिने चाळीस वर्षं विड्या वळल्या. तेंदूची पानं रात्री फडक्यात ओली करून ठेवायची, सकाळी पत्र्याची पट्टी ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप, आणि वळून झाली की तोंड दुमडून दोऱ्याचे दोन वेढे. ती बोलत असायची आमच्याशी आणि हात आपले चालू. 'बोटांना कळायला वर्षं जातात' हे तिनेही असंच म्हटलं असतं. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम काळपट असायचं.

तुमच्या त्या कारखान्यात कामगारांचं काय होतं ते लिहा. घराण्याचा इतिहास मालकाचा असतोच, पण वळणारे कोण होते?

जुनापाट

पळसपान, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण टँपाच्या कामगारांबद्दल मी बरंच वाचलंय आणि मला या विषयातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

वस्ती वसवली विसेन्ते मार्तीनेस इबोर याने. जन्म स्पेनमधल्या वालेन्सियाचा, धंदा क्युबात, तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी पळून फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटावर आला आणि १८८५ मध्ये टँपाजवळ ओसाड जमीन घेऊन कारखाना आणि कामगारांची घरं बांधायला लागला. आगगाडी नुकतीच पोचली होती, बंदर होतं, हवा दमट होती. पान कोरडं पडलं की तडकतं, म्हणून दमट हवा लागते. कामगार आले ते क्युबन, स्पॅनिश आणि सिसिलीकडचे इटालियन. प्रत्येकाने आपापलं परस्पर-सहाय्य मंडळ काढलं. वर्गणी भरायची आणि त्यातून दवाखाना, औषध, अंत्यविधी, नाचगाण्याचा हॉल. सरकारी काही नव्हतंच.

पण सगळ्यांत विलक्षण होता तो वाचक, 'लेक्तोर'. शेकडो लोक रांगेने बसून वळताहेत आणि मध्ये उंच मचाणावर एक माणूस खुर्चीत बसून मोठ्याने वाचतोय. सकाळी वर्तमानपत्रं, नंतर कादंबरी. सेर्व्हान्तेस, ह्यूगो, झोला, द्यूमा. वाचायचं काय ते कामगार मतदानाने ठरवत. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपापल्या आठवड्याच्या मजुरीतून वर्गणी काढून देत. म्हणून तो त्यांचा होता. आवाज चांगला, उच्चार स्पष्ट, नाटकातली पात्रं वेगवेगळी उभी करणारा वाचक असेल तर दुसऱ्या कारखान्यातले त्याला पळवायला बघत. ज्यांना सही करता येत नव्हती ते लोक सेर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते' (डॉन क्विक्झोट) कादंबरीतले उतारे तोंडपाठ म्हणत.

ही पद्धत क्युबातून आली. हवानातल्या 'एल फिगारो' कारखान्यात १८६५ मध्ये ती सुरू झाली. सुरुवातीला वाचणारा त्यांच्यातलाच एक कामगार असे, आणि तो वाचत असताना त्याच्या वाटणीचे सिगार बाकीचे वळून देत.

क्युबाच्या स्वातंत्र्याचा नेता होसे मार्ती १८९१ मध्ये पहिल्यांदा टँपाला आला तेव्हा त्याच्यासमोर बसलेला श्रोता हाच. वर्षानुवर्षं ऐकून कान तयार झालेला. या लोकांनी आपल्या मजुरीतून लढ्याला पैसे दिले. १८९५ च्या उठावाचा आदेश एका सिगारमध्ये वळून टँपाहून क्युबाला पाठवला, असं तिथे आजही सांगतात. न्यूमनने क्लीव्हलंडच्या कोठारात फळ्या ठोकल्या ते साल तेच!

मालकांना हे वाचन नकोसं होत गेलं, कारण कामगार चळवळीची पत्रंही वाचली जात. १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना बंदी केली, मचाणं काढून टाकली. कामगार संपावर गेले, हरले. परत आले तेव्हा मचाणांच्या जागी रेडिओ वाजत होता.

केतकीबन

जुनापाट, तुम्ही हे लिहिलंत म्हणून धागा पुरा झाला. एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल, न्यूमन टँपाला आले तेव्हा वाचक जाऊन वीसेक वर्षं झाली होती. त्यामुळे त्या भांडणात हे घराणं नव्हतं. पण इमारत होती. ज्या भिंतींनी ते वाचन ऐकलं त्याच भिंतींत हे लोक आले, आणि मला वाटतं ते त्यांना ठाऊक आहे. तिथल्या संग्रहालयात वाचकाची आठवण जपलेली आहे.

अबोली_संध्याकाळ

वाचायला सुंदर आहे, पण एक बोलू का? माझे काका तोंडाच्या कर्करोगाने गेले. सिगारचा धूर आत घेत नाहीत म्हणून तो कमी वाईट, असा समज पसरवला जातो. तोंड, घसा, अन्ननलिका यांना त्याने धोका असतोच. चार पिढ्यांचं कौतुक करताना हेही या धाग्यावर असायला हवं.

केतकीबन

अबोलीताई, अगदी हवं आणि तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. काकांचं वाचून वाईट वाटलं. मी कुणाला सिगार ओढा असं कधीच म्हणणार नाही. मला जे जपावंसं वाटतं ते हातातलं कसब आणि ते करणाऱ्यांची आठवण. ती माणसं विसरल्याने कुणाचा आजार कमी होणार नाही असं मला वाटतं. तुमचं म्हणणं तितक्याच ठळकपणे इथे राहू दे.

वाळूचंघड्याळ

अबोलीताईंशी सहमत. आता घराण्यांबद्दल थोडं. टँपातलंच दुसरं घराणं फुएन्ते, त्यांची गोष्ट न्यूमनच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. आर्तुरो फुएन्ते क्युबातून आला, १९१२ मध्ये वेस्ट टँपात कारखाना काढला. १९२४ मध्ये तो जळून खाक झाला. वीसेक वर्षं काहीच नाही, मग घराच्या मागच्या ओसरीवर घरचेच लोक मिळून पुन्हा वळायला लागले. १९५८ मध्ये मुलगा कार्लोसने धंदा वडिलांकडून १ डॉलरला घेतला. बंदीनंतर निकाराग्वात गेले, तिथला कारखाना क्रांतीच्या धामधुमीत जळाला. १९८० मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात सान्तियागोला पुन्हा पहिल्यापासून. आज ते हाताने सिगार वळणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखानदारांत आहेत. तिथे आवरणाचं चांगलं पान पिकतच नाही असं सगळे म्हणत असताना त्यांनी ते पिकवलं आणि १९९५ मध्ये ते बाजारात आणलं.

आणि दोन्ही घराणी १९८६ मध्ये एकत्र आली! न्यूमनचे हाताचे सिगार फुएन्ते डॉमिनिकनमध्ये वळणार, फुएन्तेंचे यंत्रावरचे सिगार न्यूमन टँपात करणार. एकाच गिऱ्हाइकासाठी भांडणाऱ्या दोन घरांनी एकमेकांचं काम वाटून घेतलं. पुढे २००१ मध्ये मिळून एक धर्मादाय संस्था काढली आणि डॉमिनिकनमधल्या तंबाखूच्या भागातल्या मुलांसाठी शाळा बांधली.

केतकीबन

ते १९८६ साल न्यूमनकडेही वळणाचं आहे. तिसऱ्या पिढीतल्या एरिक आणि बॉबी या दोघा भावांनी कर्ज काढून बाकीच्या नातेवाइकांचे हिस्से विकत घेतले. घरच्या धंद्यात हेच सगळ्यांत अवघड असतं. तिसऱ्या पिढीपर्यंत हिस्सेदार इतके होतात की निम्म्यांना विकायचं असतं आणि निम्म्यांना चालवायचं. दोन पिढ्यांनी दोनदा हा प्रश्न पैसे मोजून सोडवला, म्हणून इमारत टिकली.

यंत्रांबद्दल राहिलंच. दुसऱ्या मजल्यावर १९३० च्या दशकातली यंत्रं आजही चालतात. पूर्ण स्वयंचलित नाहीत. समोर बसलेली बाई प्रत्येक सिगारसाठी पान स्वतः साच्याच्या पत्र्यावर पसरते, यंत्र कापतं आणि गुंडाळतं. खडखडाट इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. सुटे भाग कुठेच मिळत नाहीत, तिथले मेकॅनिक स्वतः घडवतात.

गंमत अशी की कायद्याने याच यंत्रांना कोंडीत धरलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने तंबाखूचे नियम सिगारलाही लावले. २०२३ मध्ये न्यायालयाने उच्च प्रतीच्या सिगारपुरते ते रद्द केले, पण त्या निकालातल्या व्याख्येत 'हाताने वळलेला' अशी अट होती. म्हणजे नव्वद वर्षं जुन्या यंत्रावर एकेक पान हाताने पसरून केलेला सिगार त्यात बसत नव्हता. चौथ्या पिढीतला ड्र्यू न्यूमन वकील आहे. पणजोबांनी कोठारात फळ्या ठोकल्या, पणतू नियमांच्या कलमांशी झगडतोय.

देवराई

अबोलीताईंचं वाचल्यावर मला तो नियम हवाच असं वाटतं. पण त्या बायकांची कामंही जाऊ नयेत असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतंय.

पळसपान

काल मावशीला फोन केला होता. जुनापाट यांनी लिहिलेलं वाचकाचं सगळं तिला वाचून दाखवलं. आता तिला दिसत नाही फारसं. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "आमच्यात कुसुम होती ना." मी विचारलं, कोण कुसुम? तर म्हणे ओळीतली एक पोर, सातवीपर्यंत शिकलेली. दुपारी साप्ताहिकातली गोष्ट वाचायची. तिच्या सुपातली पानं आजूबाजूच्या बायका उचलून घ्यायच्या आणि संध्याकाळी तिच्या हजार विड्या पुऱ्या करून द्यायच्या.

इतकी वर्षं मावशीने हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.